कापूसबाईंचा आरसा

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझं गेली एकतीस वर्षं दात कोरूनच भरतंय, आणि त्यातली बावीस वर्षं माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला कापूसबाई उभ्या होत्या.

हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पेशंटांनी ठेवलेलं. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला छत, दिवा, माझ्या नाकपुड्या आणि कापसाची सुरळी धरलेला एक हात, एवढंच दिसतं. तो हात बाईंचा. कामाला लागल्या तेव्हा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं, लेक दुसरीत होती, आणि त्या एका कापडदुकानात गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या घड्या पुन्हा घालायचं काम करत होत्या. मी विचारलं, रक्त बघून चक्कर तर येत नाही ना? त्या म्हणाल्या, रक्त बघून नाही येत, माणसं बघून येते. मी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

दात भरणं म्हणजे खड्ड्यात सिमेंट कोंबणं, असं पुष्कळांना वाटतं. भिंतीत खिळ्याचं भोक बुजवायला ते ठीक आहे. दाताचं तसं नाही. कीड कोरून काढली की आत निळं जेल लावायचं. ते आम्ल असतं. पंधरा-वीस सेकंदांत ते दाताचा गुळगुळीतपणा खातं आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पाडतं. मग पाण्यानं धुवायचं आणि हवेच्या नळीनं हलकेच वाळवायचं. वरचं कवच खडूसारखं पांढरं दिसलं की जमलं. त्यावर चिकटद्रव्याचा एक पातळ हात, ते घट्ट करायला निळा दिवा, आणि मग भरणी. चिकटद्रव्य त्या छिद्रांत शिरून बसतं, आणि सगळी मदार त्यावरच. तिथे थुंकीचा थेंब लागला तर छिद्रं बुजतात. वरून तुम्ही कितीही सुबक भरा, चार महिन्यांत भरणी पेशंटच्या घासात येते. बरं, थुंकी लागल्यावर नुसतं पुसून भागत नाही. पुन्हा जेल, पुन्हा पाणी, सगळं पहिल्यापासून.

म्हणून माझ्या धंद्यात अर्धं काम डॉक्टरचं आणि अर्धं कोरडं ठेवणाऱ्याचं. कापूसबाई एका हातानं गाल बाजूला धरायच्या, दुसऱ्या हातानं थुंकी ओढणारी नळी जिभेखाली अशी ठेवायच्या की जिभेला पत्ता लागू नये. आणि मी हवा मारायला लागलो की त्यांचं लक्ष दाताच्या आतल्या पिवळसर भागाकडे असायचं. तो भाग ठणठणीत वाळवून चालत नाही, किंचित ओलावा राहायला हवा. किती ओलावा, हे कुठल्या पुस्तकातून कळत नाही. बाई नेमक्या क्षणी म्हणायच्या, "बास." बावीस वर्षं मी त्या एका शब्दावर हात थांबवला.

आमच्या खोलीत रोज दोन खोटी बोलली जायची. सुई टोचण्याआधी मी म्हणायचो, अजिबात दुखणार नाही. काम झाल्यावर तोंड पुसायला कागद देताना बाई विचारायच्या, दुखलं का? आणि डोळ्यांत पाणी आलेला पहिलवानसुद्धा म्हणायचा, छे, नाही दुखलं. पेशंट दाराबाहेर गेला की बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "एक तुमचं, एक त्यांचं. फिटंफाट."

आता आरशाचं सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक गोष्ट शिकवली होती, जी मला माझ्या सरांनी शिकवली होती. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी तोंडात बघायचा छोटा आरसा घ्यायचा, त्यावर हवेची नळी दहा आकडे मोजेपर्यंत मारायची, आणि आरसा खिडकीकडे तिरका धरून बघायचा. लख्ख दिसला तर हवा स्वच्छ. दमट डाग दिसला तर नळीत पाणी. तेलकट तवंग दिसला तर कॉम्प्रेसर तेल ओकतोय. हवा देणाऱ्या यंत्राच्या पोटात तेल असतं आणि ते यंत्र म्हातारं झालं की तेल हवेबरोबर बाहेर पडतं. दात वाळवायला म्हणून आपण त्यावर तेलच शिंपडतो, आणि तेलावर काही म्हणता काही चिकटत नाही.

मी शिकवलं आणि वर्षभरात विसरलो. बाई विसरल्या नाहीत. रोज सकाळी एप्रन चढवून त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या, ओठांत आकडे मोजायच्या, आरसा तिरका करायच्या आणि मान हलवून आत यायच्या. असं वीस वर्षं. एकविसाव्या वर्षी एकदा मला घाई होती, बाहेर दोन पेशंट बसले होते, औषध कंपनीचा माणूस समोर होता, आणि मला विनोद सुचला. मला विनोद सुचतात ही माझी खोड आहे. मी म्हणालो, बाई, रोज आरशात कुणाचं भविष्य बघता? कंपनीचा माणूस हसला. पेशंट हसले. बाईही थोडं हसल्या आणि आरसा ट्रेमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते बंद केलं, आणि त्यांनी बंद केलं हे मला तब्बल दीड वर्षानं कळलं.

त्याच सुमारास माझ्या डोळ्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा लागला. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिथूनच केला. चष्मेवाले माझे जुने पेशंट, बोलघेवडा माणूस. तो चष्मा मला दोन महिने मानवला नाही. कडेचं सगळं पोहल्यासारखं दिसायचं. मी सारखा कुरकुरायचो, मान वरखाली करायचो, एकदा तर हातमोजे घालताना शेजारच्या बोटात बोट घातलं. बाई हे सगळं बघत होत्या. त्या बघतायत हे माझ्या गावीही नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे बघत होतो. मला त्यांचा हात थरथरताना दिसला होता. अगदी थोडा, नळी उचलताना. साठी जवळ आलेली, कुणाचा थरथरत नाही?

आणि मग भरण्या निघायला लागल्या. आधी एक निघाली, मी म्हटलं पेशंटनं सुपारी फोडली असणार. मग दुसरी, तिसरी. चार महिन्यांत नऊ. एकतीस वर्षांत इतक्या कधी निघाल्या नव्हत्या. मी चिकटद्रव्याची बाटली बदलली. निळा दिवा तपासून घेतला. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणू नये म्हणून रोज नवं अंगण तपासत होतो. पण खरं सांगायचं तर मनात निदान कधीच झालं होतं. थुंकी लागतेय. बाईंचा हात गेला.

मध्येच एकदा बाईंचीच खालची डावी दाढ किडली. दुपारच्या सुट्टीत मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि एकट्यानंच भरली. नळीही मीच धरली, कापूसही मीच लावला. त्या तोंड उघडं ठेवून माझ्या हाताकडे बघत होत्या आणि मी म्हणालो, बघून घ्या, असं कोरडं ठेवायचं असतं. हाही विनोदच होता. ही दुपार लक्षात ठेवा, मला ती विसरता येत नाही.

शेवटी चष्मेवाल्यांची भरणी दुसऱ्यांदा निघाली. ते हसत हसतच आले, कागदाच्या पुडीत भरणी घेऊन. म्हणाले, डॉक्टर, तुमची वस्तू तुम्हाला परत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना खुर्चीत घेतलं, बाईंनी नळी उचलली, हात थोडा हलला, आणि मी पेशंटच्या उघड्या तोंडावरून त्यांना म्हणालो, "बाई, तुमचा हात थरथरतो. थुंकी जाते दातावर. माझ्या इतक्या वर्षांच्या कामावर तुम्ही पाणी ओतताय. जमत नसेल तर सांगा तरी."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आजारी माणसाकडे बघतात तसं त्यांनी बघितलं, आणि मला ते तेव्हा कळलं नाही. "चुकलं डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. काम पूर्ण केलं. चष्मेवाल्यांना तोंड पुसायला कागद दिला. फक्त दुखलं का, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं उकळली, ट्रे लावले, एप्रनची घडी घातली. कापडदुकानातली सवय, काठाला काठ जुळलेली घडी. किल्ली वर ठेवली आणि म्हणाल्या, उद्यापासून येत नाही, आता होत नाही माझ्यानं. मी थांबवलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते पण वाटलं.

त्या गेल्या आणि भरण्या निघतच राहिल्या. नवीन आलेल्या सहायक बाईंचा हात दगडासारखा स्थिर होता, तरी निघत राहिल्या. शहाण्या माणसाला इथेच उजेड पडला असता. मला वाटलं, नवीन आहेत, शिकतील. माणूस एकदा निकाल देऊन बसला की पुरावा त्याच्या मांडीवर येऊन बसला तरी त्याला दिसत नाही.

सहा महिन्यांनी कॉम्प्रेसर बंद पडला. मिस्त्री आला, त्यानं यंत्र उघडलं, नळी काढली आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर टाकीत उरलेली हवा मारली. कागदावर पारदर्शक डाग उमटला, भजी काढून ठेवल्यावर उमटतो तसा. मिस्त्री म्हणाला, आतल्या रिंगा झिजल्यात, निदान वर्षभर तेल येतंय. मग त्यानं नळीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही लोकांच्या तोंडात मारता?"

मी तो कागद हातात घेऊन बसून राहिलो. वीस वर्षं रोज सकाळी दहा आकडे मोजणारी ती बाई मला खिडकीपाशी दिसत होती. तिला मी हसून गप्प केलं होतं, आणि नंतर ओरडून घालवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्यात फाशी देणारा निदान चोर नसतो.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. लेकीकडे राहत होत्या, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लेकीनं दार उघडलं, मला ओळखलं आणि या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. आईच्या पोटात गाठ निघालीय, ती माझ्याकडे न बघता सांगत होती, डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत, त्यातला एक झाला. मग म्हणाली, फार वेळ बसू नका.

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. मला बघून पदर सारखा केला. मी बोलायचं ठरवून गेलो होतो त्यातलं काही आठवेना, म्हणून खिशातून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे तिरका धरला. डाग अजून दिसत होता.

"तेल," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, वर्षभर येत होतं. तुमचा हात नव्हता बाई. तुमचा काहीही दोष नव्हता.

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. दोन्हीला माझी तयारी होती. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे तुमचे डोळे ठीक आहेत?"

मला कळेना. मी म्हणालो, माझ्या डोळ्यांचं काय?

मग त्यांनी गाल बोटानं बाजूला ओढून दाखवला. खालची डावी दाढ नव्हती. मी भरलेली भरणी दीड महिन्यात जेवताना निघाली होती. तिथे नळी धरायला त्यांचा हात नव्हता, सगळं माझंच होतं. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की डॉक्टरांचे डोळे गेले. चष्मा मानवत नाही म्हणतात, हातमोजा घालता येत नाही, त्यांना आतलं नीट दिसत नसणार. त्या भरणी निघालेल्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा घालून उजवीकडून जेवायच्या आणि माझ्यासमोर हसताना तोंड कमी उघडायच्या. शेवटी दाढ सुजली तेव्हा कुठल्याशा दुसऱ्या दवाखान्यात जाऊन काढून आल्या. तिथे विचारलं, कुणी भरली होती, तर म्हणाल्या, आठवत नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तुमची भरणी निघाली हे एका शब्दानं सांगितलं असतंत तर मला तिथेच कळलं असतं.

"तुम्ही तापट आहात, पण आतून कच्चे," त्या म्हणाल्या. "डोळे गेले असं कळलं असतं तर तुम्ही परत कुणाच्या तोंडात हात घातला नसता. माझं काय, माझा हात नाहीतरी थरथरतोच. म्हटलं, माझ्यावर खपून जाईल."

त्या दिवशी खुर्चीपाशी त्या माझ्याकडे तशा का बघत होत्या ते मला आता कळलं. समोर चष्मेवाले बसले होते. ज्यांनी चष्मा केला त्यांच्यासमोर डॉक्टरांच्या डोळ्यांचा विषय काढायचा नाही, म्हणून त्या चुकलं म्हणाल्या होत्या. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. मी वेड्यासारखं म्हणालो, परत या, नुसत्या येऊन बसा, नवीन कॉम्प्रेसर येतोय, रोज सकाळी आरसा तुम्हीच बघा.

त्या हसल्या. "थुंकी लागल्यावर नुसतं पुसून भागत नाही, तुम्हीच शिकवलंत ना? पहिल्यापासून करावं लागतं. तेवढा वेळ कुठाय आता?"

माझ्याकडून त्यांनी एकच गोष्ट मागितली. चष्मेवाल्यांना सांगा, म्हणाल्या. काम सोडल्यावरही त्यांना बाजारात जायला तोच रस्ता होता, पण त्या दिवसानंतर त्या चष्म्याच्या दुकानावरून गेल्या नव्हत्या. मागच्या गल्लीनं वळसा घालायच्या, हातात पिशव्या असल्या तरी. त्यांच्यासमोर बोललात तेवढं फक्त लागलं, त्या म्हणाल्या, त्यांना सांगा माझा हात नव्हता.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर उभा होतो. चष्मेवाल्यांनी शटर वर केलं, मला बघून आनंद झाला त्यांना. मी सगळं सांगितलं, कॉम्प्रेसर, तेल, बाई, त्या दिवशी मी बोललो ते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"कापूसबाईंना तुम्ही ओरडलात? माझ्यासमोर?" ते म्हणाले. "मला काहीच आठवत नाही हो. तोंड उघडं असलं की माझे कान बंद असतात."

मी पुन्हा सांगितलं. पुडीत भरणी आणली होती, ती दुसरी वेळ. पुडी त्यांना आठवत होती. ती परत देताना केलेला विनोदही आठवत होता. बाई नव्हत्या आठवत. त्या येत नाहीत का आता, असं त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

बाई ज्यासाठी सहा महिने ओझी घेऊन वळसा घालत होत्या, ते त्या दुकानात कधी पोचलंच नव्हतं. जगात ते दोनच माणसांना माहीत होतं, एक त्या आणि एक मी. हे त्यांना जाऊन सांगायचं कसं, या विचारात मी दिवसभर चुकीची हत्यारं उचलत राहिलो.

संध्याकाळी गेलो. लेकीनं या वेळी खुर्ची पुढे केली. बाई पडून होत्या, आवाज बारीक झाला होता. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, मला तेव्हाच वाटलं होतं, बाईंची चूक असणारच नाही. तुम्ही उगाच बोललात त्यांना, म्हणाले."

"अजून?"

"भेटायला येणार आहेत म्हणाले. दुकानातून सुटका झाली की."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आतल्या खोलीत लेक भांडी विसळत होती त्याचा आवाज येत होता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सुई टोचायच्या आधी तुमचा आवाज असाच मऊ होतो."

मी काही बोललो असतो तर आणखी एक खोटं बोललो असतो. त्यांनी पांघरुणातून हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तो थरथरत होता, आणि माझाही.

मग मीच विचारलं, जे बाई बावीस वर्षं पेशंटांना विचारत आल्या होत्या. दुखलं का, म्हणून.

"छे," कापूसबाई म्हणाल्या. "नाही दुखलं."